पुणे–नागपूर : नेमकं कुठलं अंतर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या आम्हा वऱ्हाडी-नागपुरी मंडळींसाठी वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते. पुणे ते नागपूर ६२० किमी. विमानाने दीड तास, 'वंदे भारत'ने १२ तास. आकडे खोटे नाहीत, पण एका ओळीत मांडले की फसवतात.

६२० किमी हे नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर. लोहगाव ते सोनेगाव, म्हणजे विमानतळ ते विमानतळ, ते ६०५ च्या आसपास भरतं. संभाजीनगरहून समृद्धी महामार्ग धरला तरी रस्त्याने सातशेच्या घरात जातं. आणि रेल्वेने? ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत तब्बल ८८१ किमी धावते. दौंडहून नगर, कोपरगाव करत ती आधी उत्तरेला मनमाड गाठते, मग जळगाव-भुसावळवरून पूर्वेला वळते आणि अकोला, बडनेरा, वर्धा घेत नागपूरला पोचते. ६२० ला बारा तासांनी भागणाऱ्याला ताशी जेमतेम ५२ किमी वेग दिसतो आणि तो म्हणतो, कसली डोंबलाची वंदे भारत! ८८१ ला भागा, ७३ येतात. गाडीपेक्षा वाटेचा दोष मोठा आहे. मराठवाड्यातून कापत जाणारा सरळ लोहमार्ग नाही, ही खरी अडचण त्या चौकटीत कुठेच दिसत नाही.

आता विमानाचा दीड तास. विमान प्रत्यक्ष हवेत असतं साधारण तासभर. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे थांबणं, उतरल्यावर जागेवर येऊन लागणं यात जातो. लोहगाव हे मुळात हवाई दलाचं ठाणं. नागरी विमानांना त्यांच्याच धावपट्टीवरून उडायचं असतं, त्यामुळे वेळापत्रकात अशी सवड लागतेच. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे जोरात असतात, म्हणून नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात आणि परतताना तेवढीच जास्त जातात. हा फरक किरकोळ.

किरकोळ नाही तो कोथरूड ते लोहगाव हा सोळा-सतरा किमीचा पल्ला. संध्याकाळी याला सव्वा-दीड तास सहज लागतो, म्हणजे नागपूर जवळ आणि लोहगाव लांब! मार्च २०२४ पासून मेट्रो वनाजहून थेट रामवाडीपर्यंत जाते, पण पुढच्या चार-पाच किमीसाठी बॅगा घेऊन रिक्षा शोधावी लागते. उड्डाणाच्या तासभर आधी सामान घेणं बंद होतं, म्हणून माणूस दोन तास आधीच पोचतो. सोनेगाव शहराला लागून असल्याने तिकडे त्रास नाही. तरी घर ते घर पाच तास धराच.

पाच तास म्हणजे बारापेक्षा कमीच, हे मान्य. पण सणाच्या तोंडावर तिकिटाचे दर गगनाला भिडले की चौघांचं कुटुंब दीड विरुद्ध बारा असा हिशेब करून पैसे मोजतं. पाच विरुद्ध बारा असा मांडला तर कदाचित वेगळं ठरवेल.

तेव्हा पुढच्या वेळी किलोमीटरपुढे मार्ग लिहावा आणि विमानाच्या वेळेपुढे घरून कधी निघायचं तेही. जागा कमी पडली तर चौकटीतलं विमानाचं चित्र काढून टाकलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे