दामूस पत्र

प्रिय दामू,

फोनवर तू विचारलंस, "देशाचं पुढं काय होणार रे?" आणि मी विषय बदलला. चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे पाहुणे घरात होते, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरवायची घाई चालली होती. अशा गोष्टी दोन मिनिटांत बोलून होत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्याकडे महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटली, पाठोपाठ २०२३ मध्ये राष्ट्रवादी, तेव्हा तू हादरला होतास. आम्ही गोव्यात हे फार आधी पाहिलंय. १९९० आठवतं? तू नुकताच पुण्याला गेला होतास. त्या एका वर्षात मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे गेले, चर्चिल आलेमाव आले आणि १८ दिवसांत पायउतार झाले, मग लुईस प्रोत बार्बोझा, आणि वर्ष सरताना राष्ट्रपती राजवट. पुढं दहा-पंधरा वर्षं हाच खेळ. चाळीस जणांची विधानसभा. चार-पाच माणसं इकडची तिकडं झाली की सरकार पडतं. लहान राज्य म्हणून लोक आपल्याला हसायचे. आता मोठ्या राज्यांतही तेच चाललंय.

२०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका दिवसात भाजपमध्ये गेले. त्याची धास्ती घेऊन २०२२ च्या निवडणुकीआधी पक्षाने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढं, बांबोळीच्या खुरसापुढं म्हणजे क्रूसापुढं आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यांतले आठ गेले. कायद्याने काही बिघडलं नाही, कारण दोन तृतीयांश एकत्र गेले की ते पक्षांतर ठरत नाही, विलीनीकरण ठरतं. एकजण गेला तर दोषी, आठजण गेले तर निर्दोष! त्या दिवशी मी जेवलो नाही. माझी सून म्हणाली, "बाबा, ह्यात नवीन काय?" तिच्या ह्या प्रश्नाचीच मला जास्त भीती वाटते. पोरांना राग येईनासा झालाय.

आपण चौथीत होतो तेव्हाचं आठव. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. आमच्या घरी फूल, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण; तुमच्या घरी दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा. गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून माझ्या बाबांनी गावोगाव पायपीट केली होती. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी मुख्यमंत्रिपद सोडलं. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी तुझ्या आबांकडे चहाला गेले. लोकांनी सांगितलं, विषय संपला. आणि तीन महिन्यांच्या आत त्याच लोकांनी हरलेल्या बाजूच्या भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं! विलीनीकरण नको, पण हा माणूस हवा, एवढं बारीक तोलून मत देणारी आपली माणसं होती आणि त्यांचा निकाल हरलेल्यांनीही शिरोधार्य मानला. मला आज जी चिंता आहे ती कुठला पक्ष जिंकेल ह्याची नाही. दिलेलं मत दिलेल्या जागी राहील का, ह्याची आहे.

आणि दामू, आमदार कशासाठी फिरतात ते गावात राहिलं की दिसतं. जमीन! नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) हे कलम आलं. आराखड्यात नजरचुकीने झालेली चूक दुरुस्त करायची, एवढंच म्हणे. त्यानंतर वर्तमानपत्रात सर्व्हे नंबरांच्या याद्या यायला लागल्या: इतके चौरस मीटर, आधी शेत किंवा फळबाग, आता वसाहत. नजरचूक नेमकी बिल्डरच्या जमिनीतच कशी होते? मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण तोवर त्याच कायद्यात ३९-अ हे दुसरं कलम आलं होतं, त्यातही झोन बदलता येतो. हरकत घ्यायला तीस दिवस. ती नोटीस किती जण वाचतात?

आपल्या गावात एका पोरीने वाचली. बी.एस्सी. झालेली, अंगणवाडीच्या मागं राहते. रविवारी ग्रामसभेत उभी राहिली, मोबाइलवर नकाशा मोठा करून सरपंचांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा उतार बघा. पावसाचं पाणी वरच्या जांभ्यात मुरतं आणि खाली झरीतून येतं. त्या झरीवर सोळा कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, शिंपतात. वर डोंगर कापला तर फेब्रुवारीत पाट कोरडा." सभागृहात गलका झाला. कोणीतरी ओरडलं, विकासाला विरोध कशाला. ती बसली नाही. शेवटी हात वर करून विरोधाचा ठराव झाला, मी स्वतः हात मोजले. ग्रामसभेचा ठराव वरती कोणी मानेल का, ठाऊक नाही. पण तिथं हात वर केलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोदेराकडे (पाववाल्याकडे), देवळात, बसस्टॉपवर भेटतो. त्याला इतक्या सहज फिरता येत नाही. आपण ७८-७९ साली विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तिकिटासाठी फोंड्यात बसगाड्या अडवल्या, तेव्हाही जोर ह्याच ओळखीचा होता.

म्हणून तुला स्पष्ट सांगतो. तुझ्या धाकट्या भावाने डोंगराकडची पट्टी विकायचं ठरवलंय. दिल्लीची पार्टी आहे, दलाल दोनदा येऊन गेला. तुझी सही लागणार आणि आपल्या नागरी कायद्याप्रमाणे वहिनींचीही. तो उतार त्याच झरीच्या वर आहे. धाकट्याला पैशांची गरज आहे हे मला कळतं, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे. त्यासाठी दुसरा मार्ग काढू. गावातल्याच दोघा-तिघांनी पोफळीचा भाग खंडाने घ्यायची तयारी दाखवलीय. मुखत्यारपत्र मात्र पाठवू नकोस. देशाची काळजी तू पुण्यात बसून करतोस, ती खरी आहे, पण तुझ्या हातात आज एवढीच एक सही आहे.

हे पत्र वहिनींना वाचून दाखव. धाकट्याशी मी बोललेलो नाही, आधी तू बोल. दिवाळीनंतर येणार असशील तर जमिनीचा एक-चौदाचा जुना उतारा आणि आबांच्या वेळची कागदपत्रं घेऊन ये, त्या पोरीला हरकतीच्या अर्जाला जोडायची आहेत.

तुझा,
विठू