मोतीच्या तब्येतीविषयी

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. मोतीच्या फुफ्फुसांत पाणी झाले हे ऐकून आईला न्यूमोनियाची आणि तो मला लागेल याची धास्ती वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते: हा न्यूमोनिया नाही आणि कोणाला लागणाराही नाही. मोती ज्या कॅव्हेलियर जातीचा कुत्रा आहे, त्या जातीत उतारवयात हृदयाची डावी झडप जाड होऊन पुरती मिटेनाशी होते. मग रक्त मागे फिरते, फुफ्फुसांतल्या शिरांवरचा दाब वाढतो आणि पाणी झिरपू लागते. एक रात्र ऑक्सिजनवर काढून तो घरी आला असून आता शेपूट हलवत दारापर्यंत येतो.

लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड बाबांना आजीच्या आजारपणापासून ठाऊकच आहे. तीच त्याला सुरू आहे. शिवाय हृदयाला जोर देणारी पिमोबेंडन जेवणाच्या तासभर आधी द्यावी लागते. त्याचे पाणी तोडावे असे आईने सुचवले, परंतु तसे केल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून भांडे भरलेलेच ठेवते आणि रात्री उठून त्याला बाहेर नेते. झोपेत त्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असावे लागतात. ते मी रोज मोजून लिहिते, आकडा वर जाऊन तिथेच राहिला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे असते. माझी झोप उत्तम होते, काळजी नसावी.

इथली एक रीत मात्र तुम्हाला चमत्कारिक वाटेल. कॅलेंडरवर त्याच्या चांगल्या आणि वाईट दिवसांच्या खुणा करायला सांगितले आहे, आणि वाईट दिवस वरचढ होऊ लागले की इंजेक्शन देऊन त्याला निरोप द्यायचा. तो दिवस मालकाने ठरवायचा, हवे तर डॉक्टर घरी येतात, आणि मागाहून शेजारी सांत्वनाचे कार्ड पाठवतात; कुत्र्यामांजरांसाठी अशी छापील कार्डे दुकानांत मिळतात. याला कोणी निर्दयपणा म्हणत नाही, उलट जनावराला गुदमरत ठेवणे हाच निर्दयपणा असे इथे मानतात, आणि मोतीची ती रात्र पाहिल्यावर मलाही ते पटले आहे. तरीही वाईट दिवसाची खूण करायला हात धजत नाही.

विम्यातून बराचसा खर्च निघेल, परंतु म्हाताऱ्या कुत्र्याच्या बिलातला काही टक्के वाटा मालकाला सोसावा लागतो, म्हणून घराच्या रंगाचे पैसे पुढच्या महिन्यात पाठवते. दादाच्या साखरपुड्याला येणे जमणार नाही; लग्नाला नक्की येईन, वहिनीच्या माहेरच्यांना तसे सांगावे. कोल्हापूरच्या स्थळाला माझा फोटो पाठवायला हरकत नाही, फक्त घरात कुत्रा आहे हे आधी कळवावे. आणि बाबा, इथे मी मोतीचे श्वास मोजत बसते आणि तुमच्या पायांना सूज आल्याचे मला दादाकडून कळते, हे बरे नाही. डॉक्टरांना दाखवून त्यांची चिठ्ठी मला फोनवर पाठवावी.

तुमची,
धाकटी