बर्लिनहून, मैदानाविषयी आणि मैफलीविषयी

बर्लिन, ऑक्टोबर महिना

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इथे खुशाल आहे. नोकरी, जेवणखाण, थंडी आणि घरमालकीण या विषयांवर आपले फोनवर बोलणे होतच असते, म्हणून त्यातले काही पुन्हा लिहीत नाही. हे पत्र लिहायला बसले ते त्या फोटोमुळे, जो पाहून रात्रभर आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही असे दादाने कळवले. गळ्यात लालपांढरा मफलर, मागे पुरुषांची ही गर्दी, कुणाच्या हातात बिअरचा पेला आणि मी तोंड उघडून ओरडते आहे, असा फोटो पाहून आईला काळजी वाटावी हे मला समजते. बाबांनी मात्र फोनवर तो विषयच काढला नाही, आणि ते मला आईच्या रागावण्यापेक्षा जास्त लागले. तेव्हा शनिवारी आणि संध्याकाळी मी कुठे जाते, कुणाबरोबर असते आणि तिथे मला काय मिळते, हे एकदा सविस्तर लिहिते.

ते मैदान युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचे आहे. शहराच्या आग्नेयेला क्योपेनिक नावाचा भाग आहे, तिथे स्टेशनावर उतरायचे आणि झाडीतून चालत जायचे. बावीस हजार माणसे मावतात, पण खुर्च्या साडेतीन हजारांच्या आसपासच आहेत; बाकीचे सगळे सिमेंटच्या पायऱ्यांवर उभे राहून सामना पाहतात. त्या पायऱ्या ज्यांनी बांधल्या, त्यांतले कितीतरी जण आज त्यांच्यावरच उभे असतात. २००८ मध्ये मैदान मोडकळीला आले होते आणि क्लबच्या तिजोरीत पैसा नव्हता, तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी सुट्ट्या काढून, एक पैसा न घेता, जवळजवळ १,४०,००० तास काम करून ते पुन्हा उभे केले. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, क्लब बंद पडायची वेळ आली असताना लोकांनी रक्तदान करून त्याचा मिळालेला मोबदला क्लबच्या खात्यात भरला होता. या देशातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, मोजके अपवाद सोडले, तर बहुमताचा अधिकार क्लबच्या सभासदांकडेच राहिला पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा साधा सभासद ज्या हक्काने वार्षिक सभेत उठून अध्यक्षांना जाब विचारतो, तोच हक्क इथे मैदानावरच्या माणसाला आपल्या क्लबवर वाटतो. बाबा, तुम्ही इतकी वर्षे त्या सभांना गेला आहात, तुम्हाला यात परके काही वाटणार नाही.

आता आईच्या काळजीविषयी. फोटोत दिसत नाहीत त्या आजी माझ्या डाव्या हाताला उभ्या असतात. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि माझ्या वयाच्या दुपटीहून मोठ्या असल्या तरी नव्वद मिनिटे एकदाही टेकत नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझे पाय बधिर झालेले पाहून त्यांनी पिशवीतून खोक्याचा जाड पुठ्ठा काढला, घडी मोडली आणि मला त्यावर उभे केले. सिमेंटची थंडी तळव्यांतून वर चढते, ती पुठ्ठ्याने अडते. तेव्हापासून मीही पुठ्ठा घेऊनच जाते. २०१९ मध्ये हा क्लब पहिल्यांदाच देशाच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि पहिल्या घरच्या सामन्याला शेकडो लोक आपल्या वारलेल्या माणसांचे मोठे फोटो घेऊन आले होते, कारण आयुष्यभर ज्यांनी या दिवसाची वाट पाहिली त्यांनाही तो दिसायला हवा होता. आजींनी त्या दिवशी आपल्या यजमानांचा फोटो धरला होता. संघ तो सामना चार गोलांनी हरला, हे त्या अगदी सहज सांगतात. मला ते ऐकताना आपले आजोबा आठवले. रेडिओ कानाला लावून क्रिकेट ऐकता ऐकता ते सगळ्या घराला गप्प करायचे.

इथे आपल्या खेळाडूची हुर्यो उडवत नाहीत आणि शेवटची शिट्टी होण्याआधी कुणी घरी निघत नाही. संघ हरत असला तर गाणे अधिक जोरात म्हणतात. फोटोत मी ओरडताना दिसते, ते खरे तर समूहगान आहे, आणि त्यात सूर सांभाळणारी माझ्याखेरीज आणखी पुष्कळ माणसे असतात. शिवाय मी बायकांच्या संघाचेही सामने पाहते. तो संघ २०२५ मध्ये पहिल्या श्रेणीत आला, त्याच मैदानावर खेळतो आणि त्याच्या सामन्यांना लहान मुलींना खांद्यावर घेऊन आलेले आईबाप खूप असतात. २०२३ मध्ये याच क्लबने पुरुषांच्या संघासाठी बाईला सहप्रशिक्षक नेमले, तसे या श्रेणीत आधी कधी झाले नव्हते. सांगलीची स्मृती मानधना खेळायला उतरली की आई हातातले काम सोडून टीव्हीपुढे बसते. माझे इथले वेड त्याच घराण्याचे आहे.

आता बाबांसाठी. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी मी फिलहार्मोनीला जाते. १९६३ मध्ये हान्स शारून या वास्तुविशारदाने बांधलेले हे सभागृह असे आहे की वादक मध्यभागी बसतात आणि श्रोते त्यांच्या चारही बाजूंना. ज्या दिवशी गायकवृंद नसतो त्या दिवशी वादकांच्या मागच्या बाकांवरची तिकिटे विकतात. ती स्वस्तातली जागा असली तरी मला तीच आवडते, कारण तिथून वाद्यवृंदाच्या संचालकाचा चेहरा दिसतो आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवणारा अगदी हाताच्या अंतरावर असतो. बाकीचे वादक वाजवत असताना तो मध्येच खाली वाकतो, कातड्याजवळ कान नेतो, बोटाने हलकेच टिचकी मारतो आणि पायाखालची पट्टी दाबून सूर बदलतो, तेही चालू संगीतात, कुणाला ऐकू न जाता. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा तुम्ही शेजारी असायला हवे होते असे फार वाटले.

तुम्ही विचारले होते की तिथे दाद केव्हा देतात. ही पद्धत समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून नीट सांगते. सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, साधारण चार भागांची असते. एक भाग संपला की वादक थांबतात, संचालक हात खाली घेतो, आणि भाग कितीही सुंदर झालेला असो, टाळी वाजवायची नाही. 'वाहवा' म्हणायचे नाही, मान हलवली तरी ती आवाज न करता. त्या थांब्यात सगळे सभागृह खोकते. आतापर्यंत दाबून ठेवलेला खोकला, घसा खाकरणे, नाक पुसणे, खुर्चीत सरकणे, सगळे त्या अर्ध्या मिनिटात उरकून घेतात, संचालक पाठ न वळवता ते संपायची वाट पाहतो आणि मग पुढचा भाग सुरू होतो. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या जोशात संपतो की नवख्या माणसाचे हात आपोआप उठतात. पण चौथा भाग अजून बाकी असतो, आणि तो शोकाचा असून अगदी खालच्या स्वरात विरत जातो. तो संपल्यावरही संचालक हात वरच ठेवतो, आणि ते खाली येईपर्यंत दोन हजार माणसे श्वास धरून बसतात. मग मात्र टाळ्या थांबतच नाहीत. संचालक आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो, एकेका वादकाला उभे करतो, आणि लोक उभे राहून वाजवत राहतात. हे नेहमीच असे नव्हते. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सिंफनीच्या पहिल्या भागाच्या मधोमधच लोकांनी टाळ्या वाजवल्या असे आनंदाने कळवले आहे. माझे मत विचाराल तर, ती शांतता मला आता आवडू लागली आहे, पण चांगली जागा घेतली की तिथल्या तिथे कलाकाराला कळले पाहिजे, हे तुम्ही उरुसाच्या मैफलीत मला शिकवलेले अजूनही बरोबर वाटते. शार्लोटेनबुर्गमध्ये १९९२ पासून चाललेला एक जॅझ क्लब आहे, तिथे प्रत्येकाचे एकट्याचे वादन संपले की टाळ्या पडतात आणि वादक हसून मान लववतो. तिथे गेले की मला मिरजेत बसल्यासारखे वाटते.

एक नवीन संगीत मात्र मला इथे अचानक सापडले, आणि ते जर्मन नाही. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो मजूर या देशात आले, त्यांतले अनेक क्रॉइत्सबेर्ग भागात राहिले आणि येताना बाग्लामा हे वाद्य घेऊन आले. लांब दांडीचे, पोटाला नासपतीसारखे गोल. एका छोट्या सभागृहात मी अगदी पुढे बसले होते. दोन गाण्यांच्या मध्ये वादकाने अंगठ्याने दांडीवरचा एक पडदा किंचित खाली सरकवला. पडदे तिथेही दोऱ्याने बांधलेले असतात, आपल्या सतारीसारखे सरकतात, आणि म्हणून पेटीवर न सापडणारे स्वर त्यात निघतात. सतारमेकर गल्लीत तुमच्याबरोबर तासन्‌तास उभी राहून पडदे बांधताना पाहिले नसते तर मला ते दिसलेही नसते. गाणी होती घर सोडून कामाला आलेल्या माणसांची, मागे राहिलेल्या आईची, न पोचलेल्या पत्रांची. माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ सबंध कार्यक्रमभर डोळे मिटून ओठांनी शब्द म्हणत होते. त्या रात्री मी अवेळी फोन केला होता आणि 'सहजच केला' असे म्हणाले होते, तो फोन तो.

रात्रीच्या येण्याजाण्याची काळजी करू नका. शुक्रवारी आणि शनिवारी इथल्या लोकल आणि भुयारी गाड्या रात्रभर धावतात, इतर दिवशी रात्रीच्या बस असतात. मी बहुतेक वेळा ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर असते आणि घरी पोचल्याबरोबर दादाला कळवते. बिअर मी घेत नाही, आणि घेणाऱ्यांनी मला कधी त्रास दिलेला नाही. पहिल्या वर्षी मी ऑफिसमधून आले की दार लावून बसत असे आणि तुम्हाला फोनवर सगळे उत्तम आहे असे सांगत असे. आता सगळे उत्तम आहे असे सांगते तेव्हा ते पुष्कळसे खरे असते, आणि त्याचे कारण ही माणसे आणि ही गाणी आहेत.

पैशांचे लिहायचे राहिले. या महिन्यात नेहमीपेक्षा कमी पाठवले, ते तिकिटांमुळे नाही. इथे घराच्या हीटिंगचा आणि पाण्याचा हिशेब वर्षातून एकदा होतो आणि जादा वापराची बाकी एकदम भरावी लागते, ती भरली. नोव्हेंबरच्या पगाराबरोबर बोनस येईल, त्यातून गच्चीच्या गळतीचे काम करून घ्या. गवंड्याला आगाऊ रक्कम द्यायची असेल तर दादाने आत्ता द्यावी, मी त्याला परत करीन. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या महाग झाल्या म्हणून दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आहे, हे मला वहिनीकडून कळले. तसे करू नका, माझी शपथ आहे.

नाताळात का येत नाही, असे आईने दोनदा विचारले. त्या दिवसांत विमानाचे भाडे परवडण्यापलीकडे जाते आणि रजाही मिळत नाही. २३ डिसेंबरला त्याच मैदानावर सगळे मेणबत्त्या घेऊन नाताळची गाणी म्हणायला जमतात. २००३ मध्ये ८९ माणसांनी ती प्रथा सुरू केली आणि आता मैदान भरते. माझ्याकडे त्याचे तिकीट आहे, हे दादाने तुम्हाला सांगितले असेल. त्यासाठी मी येत नाही असे कृपा करून समजू नका. दिवाळीत आई एकटीने फराळ करणार आणि मी इथे असणार, हे माझ्या मनातून जात नाही.

कोल्हापूरच्या स्थळाविषयी. त्यांचा स्टुटगार्टहून फोन आला होता, बोलणे सभ्य आणि मोकळे झाले, पुढच्या महिन्यात ते कामासाठी बर्लिनला येणार आहेत तेव्हा भेटू. भेटीआधी दोन्हीकडच्यांनी काही ठरवू नये एवढीच विनंती आहे. शनिवारी काय करता असे त्यांनी विचारले, मी खरे ते सांगितले. आईने माझ्या माहितीपत्रकात छंद म्हणून वाचन आणि स्वयंपाक लिहिले आहे, ते असू दे, पण त्यापुढे संगीत आणि फुटबॉल हेही लिहून पाठव. ज्यांना ते चालणार नाही त्यांना आधीच कळलेले बरे.

मार्चमध्ये नक्की येते, रजेचा अर्ज दिला आहे, तिकीट काढले की तारीख कळवीन. आजीला नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद. उरुसाच्या मैफलीचे रेकॉर्डिंग या वेळी पूर्ण करून पाठवायला दादाला सांगा, गेल्या वेळी द्रुत सुरू झाली आणि फोनची बॅटरी संपली होती.

कळावे,
तुमची लेक