बाळ्यास पत्र: ठोकळ्यांचं धरण आणि तुझ्या घरातले दिवे

पैठण

प्रिय बाळ्या,

लेगोच्या घरात दिवे बसवायचेत म्हणालास, फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलो. सध्या माझ्या टेबलावर ठोकळ्यांचा नाथसागर, म्हणजे आपलं जायकवाडी धरण, उभा आहे. खऱ्या धरणाला 27 दरवाजे, माझ्या धरणाला तीनच. पण तिन्ही मोटरवर वर-खाली होतात!

सगळी करामत वर्म गिअरची, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा अन् त्यात अडकणारं दात्यांचं चाक. मोटर थेट जोडली तर दरवाजा झटक्यात वर जातो अन् वीज काढली की धाडकन खाली. वर्म एक फेरा फिरला की 24 दात्यांचं चाक एकच दाता सरकतं. म्हणजे मिनिटाला 200 फेरे मारणारी बीओ मोटर (खेळण्यातली बॅटरीवरची छोटी मोटर) लावली तरी चाकाचे जेमतेम 8 फेरे होतात. शिवाय चाकाला उलट वर्म फिरवता येत नाही, त्यामुळे बटण सोडलं की दरवाजा आहे तिथंच थांबतो. मी तो मुद्दाम अर्ध्यावर थांबवून बघत बसतो.

आता तुझं घर. भिंती चढवायच्या आधी वायर कुठून न्यायची ते ठरव, हे सगळ्यात महत्त्वाचं. पंखे भरून देणाऱ्याकडं 36 गेजची तांब्याची वायर मिळते. ती ठोकळ्यावरच्या गोल खुंट्यांच्या मधून ने. खुंटीवरून गेली तर वरचा ठोकळा बसत नाही. टोकाचं वार्निश ब्लेडनं खरवड, नाहीतर सोल्डर धरत नाही. अन् ठोकळ्याला भोक पाडू नकोस लेका, बघवत नाही. लेगोच्याच टेक्निक प्रकारातल्या भोकाच्या ठोकळ्यात 3 मिमीचा एलईडी सहज जातो.

प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा भाग, हवाच. लाल दिवा साधारण 2 व्होल्टवर लागतो, पांढऱ्याला 3 लागतात. दोघांना मिळून एकच रेझिस्टर दिलास तर लाल सगळा करंट ओढतो अन् पांढरा अंधारात राहतो. 5 व्होल्टवर 220 ओहम लाव, खिडकीतून डोळ्यावर न येणारा उजेड पडतो.

पॉवर बँक मात्र चालणार नाही बहुतेक. दोन-चार एलईडीचा करंट इतका कमी, की काहीच जोडलेलं नाही असं समजून ती थोड्या वेळात बंद होते. मोबाईलचा साधा चार्जर वापर.

पाकिटात रेझिस्टर अन् वायरीचं भेंडोळं ठेवलंय. वायरिंग झालं की छत बसवायच्या आधी आतला फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
दिप्या