गाळलेली नावं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, नर्सिंगच्या इतिहासाचा धडा मी ऑप्शनला टाकलाय. सनावळ्या पाठ करून वॉर्डात काय उपयोग?" तुझी ड्युटीची वेळ झाली होती म्हणून मी गप्प बसले. पण ते मनातून जाईना.

मेरी एलिझाबेथ कार्नेगी हे नाव तुला ठाऊक नसेल. मलाही नोकरीची बरीच वर्षं उलटेपर्यंत नव्हतं. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जन्मलेल्या, वॉशिंग्टनला वाढलेल्या कृष्णवर्णीय बाई. तिथल्या बहुतेक नर्सिंग शाळा तेव्हा त्यांच्यासारख्या मुलींना घेतच नसत. त्या न्यूयॉर्कच्या लिंकन स्कूलमध्ये शिकल्या. ती १८९८ साली कृष्णवर्णीय मुलींसाठीच निघालेली शाळा. १९३७ मध्ये त्या पास झाल्या. पुढे महायुद्ध पेटलं, नर्सेस कमी पडत होत्या, तरी अमेरिकेच्या नौदलाने पहिली कृष्णवर्णीय नर्स घेतली ती थेट मार्च १९४५ मध्ये. हातात विद्या आहे, समोर जखमी आहेत आणि दार बंद आहे, हे त्या मुलींनी कसं सोसलं असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

कार्नेगीबाई शिकवण्याकडे वळल्या. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम उभा केला. त्या राज्यातला तो पहिलाच. १९४५ मध्ये फ्लोरिडात, टॅलाहासीच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात नर्सिंगच्या डीन झाल्या आणि १९५३ पर्यंत तिथे राहिल्या. दक्षिणेतल्या त्या राज्यांत गोऱ्या नर्सला 'मिस' म्हणायचे आणि काळ्या नर्सला नुसतं 'नर्स', नाहीतर सरळ पहिल्या नावाने हाक. तुला परवा कुणीतरी "ए सिस्टर" म्हणून ओरडलं, तर तुझा घास घशाखाली उतरेना. तिथे तर ती रोजचीच रीत होती.

फ्लोरिडाच्या नर्सेस संघटनेच्या संचालक मंडळावर त्यांना १९४८ मध्ये घेतलं ते केवळ मानाखातर, म्हणजे बैठकीला बसा, पण मत देऊ नका. त्या बसल्या. पुढच्याच वर्षी रीतसर निवडून आल्या, मताच्या हक्कासह. अमेरिकेत राज्य संघटनेच्या मंडळावर अशी निवडून आलेली ही पहिली कृष्णवर्णीय नर्स. मतच नाही, तर त्या खुर्चीवर मी बसले नसते. रागाने उठून आले असते. त्यांनी मात्र खुर्ची सोडली नाही, म्हणून पुढच्या वर्षी मत मिळालं. तुझा स्वभाव माझ्यावर गेलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पुढचं थोडक्यात सांगते. नर्सिंगच्या मासिकांचं संपादन केलं, छप्पन्नाव्या वर्षी डॉक्टरेट घेतली, 'नर्सिंग रिसर्च'च्या संपादक झाल्या, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ नर्सिंगचं अध्यक्षपद सांभाळलं. पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते सत्तरीतलं.

नर्सिंगच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत त्यांच्या माणसांची नावं जवळजवळ नव्हतीच. १९८६ मध्ये 'द पाथ वी ट्रेड' हे त्यांचं पुस्तक आलं : १८५४ ते १९८४ या काळातल्या कृष्णवर्णीय नर्सेसचा इतिहास. १८५४ म्हणजे क्रिमियाचं युद्ध. ते म्हटलं की आपल्याला नाइटिंगेलबाईंचा दिवा आठवतो. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल होत्या. सरकारने त्यांना नाकारलं, तर त्या स्वतःच्या खर्चाने गेल्या आणि आजारी सैनिकांची सेवा केली. १८७९ मध्ये बोस्टनला शिकून पास झालेल्या मेरी एलायझा महोनी, अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्स. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला जमून स्वतःची संघटना काढणाऱ्या बावन्न जणी. ज्या सनावळ्या तू ऑप्शनला टाकल्यास ना, त्यातली एकेक सनावळी कुणीतरी जुन्या कागदांतून शोधून काढली तेव्हा उरली.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. मी ज्या हॉस्पिटलात बावीस वर्षं काढली, त्याच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली. त्यात सगळ्या डॉक्टरांची नावं होती, फोटो होते, देणगीदार होते. आमच्यासाठी एक ओळ : 'परिचारिका वर्गाचे सहकार्य लाभले.' ज्या सिस्टरांनी मला पहिलं इंजेक्शन द्यायला शिकवलं, माझा थरथरता हात स्वतःच्या हाताने धरला, त्या या 'वर्गा'त विरघळून गेल्या. तेव्हा मी रडले होते, तुला आठवत असेल. तू चौथीत होतीस.

यंदा रिटायर झाल्यावर मी एक वही केलीय. माझ्याबरोबर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची नावं, कुठला वॉर्ड, कोण कशात तरबेज होती, कुणी नाइट ड्युटीत एकटीने दोन बाळंतपणं निभावली, असं आठवेल तसं लिहिते. आत्तापर्यंत एकतीस जणी झाल्यात. इंजेक्शन शिकवणाऱ्या सिस्टरांचं पान मात्र अजून कोरं आहे. त्यांना आम्ही सगळ्या 'मोठ्या सिस्टर'च म्हणायचो. त्यांचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. जुन्या दोघीतिघींना फोन लावलेत, बघू.

जेवण वेळेवर घे. पायांना सूज येत असेल तर रात्री उशी घेऊन पाय वर ठेव.

तुझी,
आई