बिलिंग सॉफ्टवेअरच्या सदोष रचनेबाबत तक्रार

दिनांक : 14 जुलै

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : 'राज्य' या रकान्यामुळे होणारी चुकीची करआकारणी

महोदय,

मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवरील आमच्या नटबोल्टच्या पेढीत गेल्या एप्रिलपासून आपले बिलिंग सॉफ्टवेअर वापरात असून त्याचे वर्षभराचे शुल्क आम्ही आगाऊ भरलेले आहे. याच विषयावर हेल्पलाइनकडे दोनदा तक्रार केली असता दोन्ही वेळा 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारून ती बंद करण्यात आली, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

नवीन ग्राहकाचे खाते उघडताना राज्यांच्या यादीत अंदमान व निकोबारची निवड आधीच झालेली असते, कारण वर्णानुक्रमे ते पहिले येते. घाईत ती बदलायची राहिली, तर सॉफ्टवेअर एका शब्दानेही हटकत नाही. कल्याणच्या एका ग्राहकाच्या 48,000 रुपयांच्या मालावर 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा कर) आणि 9 टक्के एसजीएसटी (राज्याचा कर), म्हणजे प्रत्येकी 4,320 रुपये लागायला हवे होते. त्याऐवजी 8,640 रुपये आयजीएसटी, म्हणजे परराज्यातील विक्रीवरचा कर लागला. एकूण रक्कम तीच असल्याने छापताना कोणाच्या लक्षात आले नाही आणि ग्राहकाने बिल परत पाठवले तेव्हाच चूक कळली. मग शोध घेतला असता जूनमधली अशी नऊ बिले निघाली आणि 11 जुलैपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र) भरायचा असल्याने दोन संध्याकाळी त्यांच्या दुरुस्तीत गेल्या. अंदमानला आमच्या पेढीने आजवर एक वॉशरही पाठवलेला नाही.

वास्तविक ग्राहकाच्या 15 अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचेच असतात. महाराष्ट्राचा 27, अंदमानचा 35. तो क्रमांक आपले सॉफ्टवेअर त्याच पानावर आमच्याकडून भरून घेते. तरीही 27 आणि अंदमान शेजारी शेजारी नांदत असताना त्याला काही वावगे वाटत नाही, याला वापरकर्त्याची चूक कसे म्हणावे?

हा क्रमांक भरण्याचीही एक तऱ्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून तो येथे चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा आली, तर 'अवैध माहिती' एवढाच संदेश झळकतो; कोणती माहिती, हे सांगितले जात नाही. 'ठीक आहे' दाबताच बिलातील सर्व ओळी पुसल्या जातात. मागील आठवड्यात बावीस ओळींचे बिल असे तीनदा टंकावे लागले आणि तोवर हातगाडीवाला भरलेला माल घेऊन भर गल्लीत बिलाची वाट पाहत उभा होता. आमचे ज्येष्ठ सहकारी आता आधी वहीत कच्चे बिल लिहितात आणि मग ते संगणकावर उतरवतात. त्यांनी स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीही डकवली आहे : 'आधी राज्य बघा.'

तरी जीएसटी क्रमांकावरून राज्य आपोआप निवडले जावे, तसे शक्य नसेल तर तो रकाना निदान रिकामा ठेवावा आणि चूक झाल्यास नेमका रकाना दाखवून भरलेली माहिती शाबूत राहावी. हे बदल किती तारखेपर्यंत होतील, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. ते होणार नसतील, तर उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत करून आमच्या सर्व बिलांची माहिती एक्सेलच्या स्वरूपात द्यावी.

आपली विश्वासू,
लेखा विभाग प्रमुख

सोबत : परत आलेल्या बिलाची प्रत आणि स्क्रीनची दोन छायाचित्रे