कुंभारगावच्या नावाडीमामांना

कोथरूड, पुणे

मामा,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी पहाटे तुमच्या होडीत तोफेएवढी लेन्स घेऊन बसलेला पुणेकर, तो मीच. परत काठाला लागल्यावर ठरलेले पैसे तुमच्या हातावर टेकवले आणि आभाराचा शब्दही न काढता गाडीत जाऊन बसलो. रागावलो होतो. ते राहिलेले आभार आज मानतोय.

राग कशाचा, ते तुम्हाला ठाऊक आहेच. १०० किलोमीटर गाडी हाकत आलो, तेही थंडीचे पाहुणे बहुतेक परतल्यावर. पट्टकदंब हंस हिमालयापलीकडच्या वाटेला लागलेले, चक्रवाकांची एखादी चुकार जोडी मागे राहिलेली. रोहित (फ्लेमिंगो) मात्र भरपूर होते. उथळ पाण्यात माना खाली घालून, चोची उलट्या धरून चिखल गाळत उभे. "मामा, इंजिन जरा जोरात घ्या, उडू द्यात," मी म्हणालो. पंखांतला लाल रंग उघडतो तो उडतानाच. तुम्ही इंजिन बंदच केलंत. "खाऊ द्या की. तुमाला कुणी ताटावरनं उठवलं तर?" आणि बांबू हातात घेतलात.

मग तो उंचवटा लागला. उजनी धरणाचं पाणी उतरलं की वर येणारा, फार तर दोन खोल्यांएवढा. वर नदी सुरयांचा नुसता कलकलाट. पिवळ्याजर्द चोची, काळ्या टोप्या, दुभंगलेल्या शेपट्या. मला तिथं उतरून, पोटावर पडून फोटो काढायचे होते. तुम्ही नाही म्हणालात. ५०० रुपये जास्त देतो म्हणालो (हे लिहिताना लाज वाटतेय). ते ऐकूच आलं नाही असं दाखवून तुम्ही होडी बरीच अलीकडे थांबवलीत आणि गळ्यातली दुर्बीण माझ्या हातात दिलीत. पट्टा तुटलेला, जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोऱ्यानं सांधलेला.

"त्या काळ्या दगडाच्या डावीकडं बघा. हलू नका."

मिनिटभर नुसती खडी दिसत होती. मग तिथली एक सुरय उठली आणि तिच्याखालचे दोन खडे अंडी निघाले. मातकट, तपकिरी डागांची, वाळूतल्या उघड्या खळग्यात. ती पाण्यावर उतरली, पोट भिजवलं, परत येऊन ओल्या पिसांनिशी अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सकाळचे साडेनऊ, आणि होडीची फळी हाताला चटके देत होती.

"आपण वर चढलो की ती उडून जाणार, आपण हलेपर्यंत परत नाय यायची. तवर कावळा न्हाईतर ऊन." पाणी आणखी उतरलं की उंचवटा काठाला जोडला जातो आणि कुत्रीही येतात, हेही तुम्हीच सांगितलंत.

पंधरा वर्षं मी पाखरं बघतोय. पोट भिजवून अंडी गार ठेवतात, हे वाचलेलं होतं. पाहिलं ते तुमच्या दुर्बिणीतून, आणि कॅमेरा तेवढा वेळ मांडीवर निजलेला.

परतताना तुम्ही सांगितलंत, उजनी १९८० साली पुरी झाली आणि तुमच्या घरची जमीन त्या पाण्याखाली गेली. चिलापी मासळीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगितलंत. मी तेव्हा हूं म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याच पाण्यातून वर आलेल्या दोन खोल्यांएवढ्या जमिनीवर तुम्ही कुणाला पाय ठेवू देत नाही, हे डोक्यात यायला मंगळवार उजाडला. त्या रात्री कार्डावरचे सातशे फोटो चाळले. सुरयीचा एकही धड नाही. आणि जेवताना लेकीला तासभर सांगत बसलो ते फक्त तिचंच.

सोबत दुर्बिणीचा नवा पट्टा पाठवतोय. जुना निळा दोरा तेवढा टाकू नका, लेकीला बघायचाय. पुढच्या चैत्रात तिला घेऊन येतो. कार्टी भलती बडबडी आहे. तिला होडीत गप्प बसवायचं काम तुमचं.

आपला,
मागच्या फळीवरचा पुणेकर